दुसरा बोलीदार: ऑनलाइन लिलावातून माल विकण्याचा धंदा कसा उभा करायचा

सप्टेंबर 1995 मध्ये पिएर ओमिद्यार या प्रोग्रामरने ‘ऑक्शनवेब’ नावाचं लिलावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे त्याचाच बिघडलेला लेझर पॉइंटर. तो 14.83 डॉलरला गेला. वस्तू मोडकी आहे हे लक्षात आलंय ना, असं त्याने घेणाऱ्याला विचारलं. उत्तर आलं, मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. 1997 मध्ये ऑक्शनवेबचं नाव ईबे झालं आणि ही गोष्ट जगभर सांगितली जाऊ लागली. ऐकणारा त्यातून बहुतेक वेळा एकच अर्थ काढतो: इंटरनेटवर काहीही विकलं जातं.

हा अर्थ धरून धंद्यात उतरलेल्या कितीतरी जणांचं भांडवल अडकलेलं मी पाहिलंय. काहीही विकलं जातं हे खरं असेलही, पण काहीही नफ्यात विकलं जात नाही. मला त्या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की विकणाऱ्याने वस्तू मोडकी असल्याचं लपवलं नाही, आणि वस्तू तिची किंमत ओळखणाऱ्या माणसापर्यंत पोचली. या लेखात मी जे सांगणार आहे ते या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

किंमत नेमकी ठरते कशी

हे समजल्याशिवाय एकही वस्तू लिलावाला लावू नका.

बहुतेक मोठ्या लिलाव संकेतस्थळांवर आपोआप बोलीची सोय असते. खरेदीदार आपली कमाल मर्यादा लिहून ठेवतो. समोरून बोली आली की यंत्रणा त्याच्या वतीने फक्त गरजेपुरती किंमत वाढवते. समजा तुमच्या वस्तूसाठी एकाने 900 ची मर्यादा ठेवली आणि दुसऱ्याने 640 ची. बोलीची पायरी 10 ची असेल तर वस्तू 650 ला जाईल. आता दुसरा माणूस आलाच नाही असं धरा. पहिला 900 द्यायला तयार असूनही वस्तू तुम्ही लिहिलेल्या सुरुवातीच्या किमतीला जाईल. मग ती 50 असो की 5.

म्हणजे तुमची किंमत सर्वांत उत्साही गिऱ्हाईक ठरवत नाही, त्याच्या मागचा दुसरा बोलीदार ठरवतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये या दुसऱ्या किमतीच्या पद्धतीचं गणित मांडलं आणि 1996 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण टपालाने बोली मागवणारे पोस्टाच्या तिकिटांचे व्यापारी 19व्या शतकातच ती वापरत होते. धंदेवाल्यांना ते आधी उमगलं होतं, हे मला फार आवडतं.

तेव्हा पुढची प्रत्येक पायरी एकाच प्रश्नावर तपासा: यामुळे दुसरा बोलीदार येईल की निघून जाईल?

पहिली पायरी: आधी विकत घ्या

विकायला बसण्याआधी पाच-सात छोट्या वस्तू लिलावात बोली लावून घ्या. तुम्हाला लागणाऱ्याच घ्या, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. बोली लावताना स्वतःकडे लक्ष द्या. कोणता फोटो पाहून पुढे सरकलात? वर्णनातल्या कोणत्या वाक्याला शंका आली? पाठवणावळ किती दिसली तेव्हा हात आखडला? पार्सल आल्यावर खोका उघडताना काय वाटलं? शेवटच्या मिनिटाला कोणीतरी तुमच्यावर कडी केली तेव्हा थोडं वाढवून पुन्हा बोली लावलीत का?

ही सगळी माहिती तुमच्या उद्याच्या गिऱ्हाइकाबद्दल आहे. शिवाय वेळेवर पैसे दिल्याने तुमच्या खात्याला इतिहास येतो. कोऱ्या खात्यावरून महागडी वस्तू विकायला निघालेल्या माणसावर कोणी पटकन भरवसा ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी पायरी: काय विकायचं

लिलाव सगळ्या मालाला शोभत नाही. सगळीकडे एकसारखी, एकाच किमतीला मिळणारी नवी वस्तू लिलावाला लावली तर लोक बाजारभावापेक्षा कमीच बोलणार. ते का जास्त देतील? अशा मालाला ठरलेली किंमत बरी. ईबेने ठरलेल्या किमतीला थेट खरेदीची सोय 2000 मध्ये आणली आणि आज तिथला बहुतांश व्यवहार त्याच वाटेने होतो. लिलाव टिकून आहे तो जुन्या, दुर्मीळ, सुट्या, जमवण्याजोग्या वस्तूंमध्ये, जिथे नेमका भाव कोणालाच ठाऊक नसतो. नाणी, तिकिटं, जुने कॅमेरे, घड्याळं, बंद पडलेल्या यंत्रांचे सुटे भाग, जुनी खेळणी, छापणं थांबलेली पुस्तकं. नेदरलँड्समध्ये 2008 मध्ये सुरू झालेलं कॅटाविकी मुळात संग्राहकांच्या सूचीतून उभं राहिलं आणि पुढे लिलावाकडे वळलं. यावरून लिलाव कोणाच्या जिवावर चालतो ते कळतं.

एकच क्षेत्र निवडा. शक्यतो ज्यात तुम्हाला आधीपासून गोडी आहे तेच. कारण या धंद्यातला नफा ज्ञानातून येतो. दोन सारख्या दिसणाऱ्या भिंगांपैकी एक दहापट किमतीचं का, हे ज्याला दिसतं त्यालाच माल स्वस्तात घेता येतो. रोज नवं क्षेत्र धरणारा माणूस सगळीकडे अडाणीच राहतो.

निवड करताना आणखी तीन गोष्टी बघा. वस्तू लहान आणि टणक असावी, म्हणजे पाठवणं सोपं. तिची खरी-खोटी पारख तुम्हाला करता यावी. आणि ती विकायला कायद्याची आणि संकेतस्थळाची मनाई नसावी. हस्तिदंत ईबेने 2009 पासून बंद केलं आहे. लिथियम बॅटरीच्या विमान वाहतुकीवर कडक बंधनं आहेत. नामांकित ब्रँडचा नकली माल तर अजिबात हाताळू नका. “मला माहीत नव्हतं” हे उत्तर तिथे चालत नाही, आणि खातं एकदा गोठलं की सगळी मेहनत गेली.

तिसरी पायरी: भाव बघायचा तो विकल्या गेलेल्या मालाचा

नवशिक्याची सर्वांत महागडी चूक इथे होते. तो शोध घेतो, त्याच्याकडे आहे तसलीच वस्तू कोणीतरी 5,000 ला लावलेली दिसते, आणि तो मनात 5,000 धरून माल उचलतो. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. ती वस्तू वर्षभर तिथे पडून असेल.

चांगल्या संकेतस्थळांवर ‘विकलेल्या वस्तू’ अशी गाळणी असते, ईबेवर त्यात साधारण मागच्या 90 दिवसांचे व्यवहार दिसतात. तीच उघडा. तुमच्या वस्तूचे निदान दहा व्यवहार बघा आणि वहीत प्रत्येकाची किंमत, अवस्था, बोलीदार किती होते आणि पाठवणावळ लिहा. सर्वांत वरची किंमत खोडा, सर्वांत खालची खोडा, उरलेल्यांच्या मधली धरा. न विकता परत गेलेल्या वस्तूही मोजा. दहापैकी सात परत गेल्या असतील तर त्या मालाला उठाव नाही, भाव कितीही देखणा असो.

बोलीदारांचा आकडा मी भावापेक्षाही आधी वाचतो. एकाच बोलीवर 800 ला गेलेली वस्तू आणि नऊ जणांच्या चढाओढीत 800 ला गेलेली वस्तू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीचं पुढच्या वेळी काय होईल सांगता येत नाही. दुसरीवर भांडवल लावता येतं.

माल तुम्हीही लिलावातूनच उचलत असाल, तर एक धोका समजून घ्या. तेलकंपनीत काम करणाऱ्या तीन अभियंत्यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं होतं, की तेल काढण्याच्या हक्कांच्या लिलावात जिंकणारा बहुधा तोच असतो ज्याचा अंदाज गरजेपेक्षा जास्त फुगलेला असतो. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. घाऊक ढीग विकत घेताना हे रोज घडतं. म्हणून आपली कमाल किंमत घरी शांतपणे ठरवा, कागदावर लिहा, आणि लिलाव तापला की त्या कागदाच्या पुढे जाऊ नका.

चौथी पायरी: पडता (सगळा खर्च धरून वस्तू कितीला पडली तो आकडा) काढा

विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत म्हणजे नफा, असं मनात धरून माल घेतला तर वर्षअखेरीस हाती काहीच उरत नाही. एक नग घेऊन पूर्ण हिशेब करूया. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या संकेतस्थळाचे दर त्यात घाला.

वस्तू 300 ला घेतली. आणायला जाण्या-येण्यात 25 गेले. ती 800 ला विकली गेली आणि पाठवणावळीचे 100 गिऱ्हाइकाकडून घेतले, म्हणजे जमा 900. कमिशन समजा 13 टक्के. अनेक ठिकाणी, ईबेवरही, ते पाठवणावळीसकट एकूण रकमेवर लागतं, म्हणून 117. कुरिअरने प्रत्यक्षात 120 घेतले. खोका, बबल रॅप, चिकटपट्टी 35. एकूण खर्च 597, हातात उरले 303. आता प्रत्येक वीस नगांमागे एखादा फुटणार, हरवणार किंवा परत येणार, त्यासाठी 5 टक्के, म्हणजे 45 बाजूला काढा. उरले 258. तपासणी, सफाई, फोटो, वर्णन, पॅकिंग आणि कुरिअरची फेरी मिळून दोन तास गेले असतील, तर तासाला 129 पडले. डोक्यात मात्र 500 असतात. यावर कर वेगळा, आणि धंदा म्हणून नियमित विक्री सुरू केलीत की नोंदणी आणि कराचे नियम लागू होतात. ते आपल्या भागातल्या कर सल्लागाराला सुरुवातीलाच विचारून घ्या.

पाठवणावळीचा 20 चा खड्डा का पडला तेही बघा. अनेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त भरेल ते धरतात. आकारमानासाठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 ने भागायचं. 40 बाय 30 बाय 20 चा खोका असेल तर 4.8 किलोचे पैसे लागतात, आत दीड किलोची वस्तू असली तरी. म्हणून लिलाव लावण्याआधी वस्तू पॅक करून बघा, मोजा, तोला, आणि मगच पाठवणावळ लिहा.

पाचवी पायरी: तपासणी, फोटो आणि वर्णन

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण दुसरा बोलीदार इथेच मिळतो किंवा इथेच सुटतो.

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ऑनलाइन लिलावातला प्रत्येक खरेदीदार नेमक्या याच अवस्थेत असतो. वस्तू हातात घेता येत नाही, उलटून बघता येत नाही. ज्या गोष्टीबद्दल त्याला शंका राहते, तिथे तो वाईटात वाईट धरतो आणि आपली मर्यादा तेवढी खाली आणतो. तुमचं काम म्हैस पाण्याबाहेर काढून दाखवण्याचं आहे.

मी सुरुवातीला जुने फिल्म कॅमेरे विकायचो. एक कॅमेरा ‘उत्तम अवस्थेत’ असं लिहून विकला. बाहेरून तो खरंच चकचकीत होता. दोन आठवड्यांनी घेणाऱ्याने एक फोटो पाठवला. भिंगाच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले. बुरशी होती. मी भिंगातून कधी उजेड टाकून पाहिलंच नव्हतं. पैसे परत केले, येण्या-जाण्याची पाठवणावळ भरली, आणि त्या माणसाचा नाराजीचा अभिप्राय खात्यावर राहिला. तो न्याय्य होता.

त्यानंतर ठरवलेली तपासणी आजही तशीच करतो. भिंग पूर्ण उघडं ठेवून मागून बॅटरीचा उजेड टाकायचा आणि पुढून तिरकं बघायचं: बुरशी, धुरकटपणा, ओरखडे, धूळ. शटर एक सेकंदाच्या वेगावर दाबायचं, कारण जुनं तेल घट्ट झालं असेल तर आधी संथ वेगच अडकतात. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट-पांढरा गंज पाहायचा. मागचं दार उघडून कडेच्या फोमला बोट लावायचं, तो चिकट होऊन विरघळला असेल तर आत उजेड शिरणार. हे सगळं पाच मिनिटांत होतं. जे दिसलं ते लिहायचं, जे तपासता आलं नाही तेही लिहायचं: “फिल्म घालून चालवून पाहिलेलं नाही.”

प्रत्येक क्षेत्राला अशी स्वतःची यादी असते. पुस्तकाला पानं मोजायची, बांधणी, वाळवी, नावाची सही. घड्याळाला झाकण उघडून आतलं यंत्र. नाण्याला वजन आणि कडा, आणि नाणं कधीही घासून चकचकीत करायचं नाही, त्याने किंमत जाते. तुमच्या क्षेत्रातले जाणते संग्राहक काय विचारतात ते वाचून आपली यादी बनवा.

फोटोसाठी महागडं काही लागत नाही. खिडकीशेजारी, ऊन थेट पडत नाही अशा जागी, करड्या किंवा पांढऱ्या कागदावर वस्तू ठेवा. फ्लॅश बंद. पहिला फोटो संपूर्ण वस्तूचा, चौकट भरून, कारण शोधाच्या यादीत तोच दिसतो. मग सगळ्या बाजू, क्रमांक, शिक्का, आणि मग प्रत्येक दोषाचा जवळून फोटो. ओरखडा असेल तिथे शेजारी पट्टी ठेवून घ्या, म्हणजे मोठा आहे की बारीक याचा अंदाज येतो. ईबेवर फोटोची लांब बाजू किमान 500 पिक्सेल असावी लागते, पण 1,600 च्या आसपास ठेवली तर मोठं करून बघता येतं. दुसऱ्याचा फोटो उचलू नका. जो नग विकताय त्याचाच हवा.

शीर्षकात खरेदीदार शोधताना जे शब्द लिहील तेच हवेत: कंपनीचं नाव, मॉडेल, आकार, काळ, अवस्था. ‘अप्रतिम’, ‘संधी दवडू नका’ असं कोणी शोधत नाही. स्पेलिंग दोनदा तपासा. नाव चुकलं तर वस्तू शोधात येत नाही, आणि ज्याला सापडली तो एकटाच बोली लावून स्वस्तात घेऊन जातो. (चुकलेल्या स्पेलिंगची यादी करून त्या शोधणारे व्यापारी आहेत. माल घेताना हे तुम्हीही करू शकता.)

वर्णनात दोष आधी लिहा. नवशिक्यांना वाटतं याने किंमत पडेल. माझा अनुभव उलट आहे. ज्याने खालच्या कोपऱ्यातला बारीक टवका फोटोसह दाखवलाय, त्याने बाकी काही लपवलं नसेल, असं वाचणाऱ्याला वाटतं आणि तो आपली मर्यादा वाढवतो. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असा माल एकदा पाठवलात की ते गिऱ्हाईक गेलंच, आणि त्याचा अभिप्राय वाचून पुढची दहाही गेली.

सहावी पायरी: सुरुवातीची किंमत

यावर लोक खूप वाद घालतात. कमी किमतीपासून सुरुवात केली की जास्त लोक बोली लावतात, बोली लावलेला माणूस वस्तूत गुंततो, आणि गर्दी बघून आणखी लोक येतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हेच दिसलं होतं, की खालून सुरू झालेले लिलाव अनेकदा वर जाऊन संपतात. पण त्याच संशोधनात हेही होतं, की शीर्षकातलं नाव चुकल्यामुळे जिथे लोक पोचूच शकले नाहीत, तिथे खालची सुरुवात अंगाशी आली. गर्दी झाली तरच ही युक्ती चालते.

त्यामुळे माझा नियम वहीतल्या बोलीदारांच्या आकड्यावर अवलंबून आहे. तशाच वस्तूंना नेहमी पाच-सहापेक्षा जास्त बोलीदार येत असतील, तर अगदी खालून सुरू करा आणि हात आखडू नका. दोन-तीनच येत असतील, तर सुरुवातीची किंमत इतकी ठेवा की एकाच बोलीवर गेली तरी नुकसान होणार नाही, म्हणजे वरचा सगळा खर्च निघेल. आणि संग्राहक मोजकेच असलेली दुर्मीळ वस्तू असेल, तर लिलाव करूच नका. ठरलेल्या किमतीला लावा आणि तो एक माणूस येईपर्यंत थांबा.

राखीव किमतीची सोय काही ठिकाणी असते. तुम्ही ठरवलेल्या गुप्त किमतीपर्यंत बोली पोचली नाही तर वस्तू विकली जात नाही. मी ती क्वचितच वापरतो. ‘राखीव किंमत गाठली गेली नाही’ हे वाचून माणसं निघून जातात, आणि तिचं शुल्कही वेगळं लागतं.

आपल्याच वस्तूवर दुसऱ्या खात्यावरून किंवा नातेवाइकाकडून बोली लावून घेणं, हे करू नका. ही फसवणूक आहे, बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आणि संकेतस्थळं अशी खाती कायमची बंद करतात. दुसरा बोलीदार मिळवायचा असतो, तयार करायचा नसतो.

सातवी पायरी: कधी संपवायचा

सात दिवसांचा लिलाव सुरुवातीला पुरतो. तुमचे खरेदीदार ज्या भागात राहतात तिथल्या सुट्टीच्या संध्याकाळी संपेल असा लावा. कारण शेवटच्या क्षणांत खूप काही घडतं. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवलं, की ठरलेल्या क्षणी संपणाऱ्या ईबेच्या लिलावांत शेवटच्या मिनिटाची बोली सर्रास होती, तर बोली आली की दहा मिनिटं पुढे ढकलणाऱ्या अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत ती बरीच कमी होती. तुमचं संकेतस्थळ कोणत्या प्रकारचं आहे ते पाहून ठेवा. पाचव्या दिवशी किंमत खाली दिसली म्हणून घाबरून लिलाव मागे घेऊ नका.

लिलाव चालू असताना येणाऱ्या प्रश्नांना त्याच दिवशी उत्तर द्या. प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा तुमचा पहिला किंवा दुसरा बोलीदार असतो. एकच प्रश्न दोघांनी विचारला तर वर्णनात भर घाला.

आठवी पायरी: पॅकिंग आणि पैसे

नाजूक वस्तूला दोन खोके. आतल्या खोक्यात वस्तू गुंडाळून हलणार नाही अशी बसवा. बाहेरच्या खोक्यात चारी बाजूंनी, वर आणि खाली निदान 5 सेंटिमीटर भराव घाला. बंद करून खोका कानाशी धरून हलवा. आतून आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. चिकटपट्टी तळाला आणि वरती इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकारात, म्हणजे मधली फट आणि दोन्ही कडा बंद होतात. पत्त्याची एक प्रत आतही टाका, बाहेरचा कागद फाटला तरी पार्सल पोचतं. पॅक करतानाचे दोन-तीन फोटो काढून ठेवा, वस्तूचा क्रमांक त्यांत दिसू द्या. पुढे ‘रिकामा खोका आला’ किंवा ‘दुसरीच वस्तू आली’ अशी तक्रार आली तर हेच कामी येतात.

पैसे खात्यात आल्याचं स्वतःच्या खात्यात जाऊन बघा, ईमेलवर विसंबू नका. व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवा. “माझ्या मित्राच्या पत्त्यावर पाठवा” असा निरोप आला तर नम्रपणे नकार द्या, कारण पत्ता बदलला की विक्रेत्याला मिळणारं संरक्षण बहुधा संपतं. ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवून फरक परत मागणारा, व्यवहार संकेतस्थळाबाहेर करूया म्हणणारा, फार घाई करणारा, यांच्यापासून लांब राहा. मागोवा क्रमांकाशिवाय काहीही पाठवू नका.

जिंकणाऱ्याने पैसेच दिले नाहीत तर? आठवण करा, नियमात दिलेली मुदत थांबा, मग व्यवहार रद्द करा. अनेक ठिकाणी मागच्या बोलीदाराला त्याच्या बोलीच्या किमतीत वस्तू देऊ करता येते. आधी तसं विचारून बघा. तो नको म्हणाला तर वस्तू पुन्हा लावा.

अभिप्राय

संशोधक पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांच्या जोड्या ईबेवर विकून पाहिल्या. एक नग जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून, तसाच दुसरा नव्या खात्यांवरून. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात जुन्या खात्याला 8.1 टक्के जास्त किंमत मिळाली. वरच्या हिशेबात 8 टक्के घालून बघा, तासाचा मोबदला कुठल्या कुठे जातो ते दिसेल.

म्हणून सुरुवातीचे वीस-पंचवीस व्यवहार स्वस्त वस्तूंचे करा, आणि ते नफ्यासाठी नसून नावासाठी आहेत असं धरा. तक्रार आली की आधी मान्य करा, मग तपासा. गिऱ्हाईक चूक असलं तरी स्वस्त वस्तूवरून भांडू नका. महागड्या वस्तूवर मात्र फोटो आणि कागद पुढे ठेवून शांतपणे आपली बाजू मांडा. सूड म्हणून वाईट अभिप्राय देण्याची वाट ईबेने 2008 मध्येच विक्रेत्यांसाठी बंद केली, तेव्हा तो विचारही सोडा.

पहिले तीन महिने

पहिला महिना घरातल्याच वापरात नसलेल्या वस्तू विका. भांडवल शून्य, शिकायला सगळं. दुसऱ्या महिन्यात निवडलेल्या क्षेत्रातले दहा नग विकत घ्या. एकाच महागड्या नगावर सगळे पैसे लावू नका. तिसऱ्या महिन्यात आलेल्या पैशांतूनच पुढचा माल घ्या, उधारी करून मुळीच नाही. जो नग तीन वेळा लावूनही गेला नाही तो पडत्यापेक्षा कमीत काढून टाका. अडकलेले पैसे मोकळे झाले की ते चालत्या मालात फिरतात.

एक वही ठेवा, कागदाची असो की संगणकावरची. रकाने इतकेच: नग, कधी घेतला, किती पडला, कधी लावला, सुरुवातीची किंमत, बोलीदार किती, कितीला गेला, सगळा खर्च, लागलेले तास, तक्रार. विसावा नग गेल्यावर ती घेऊन बसा आणि नफ्याचा रकाना हाताने झाका. फक्त ‘बोलीदार किती’ हा रकाना वरून खाली वाचा. ज्या ओळींत चार किंवा त्याहून मोठा आकडा आहे, त्या वस्तूंखाली रेघ मारा. पुढच्या फेरीला माल घ्यायला जाताना ती रेघ मारलेली यादी खिशात ठेवा.